मानेच्या गाठीचे रिपोर्ट

मानेच्या डाव्या बाजूला, कानाच्या जरा खाली गाठ लागली, तेव्हा तिचं खापर मी अक्कलदाढेवर फोडलं. दाढ त्रास देतच होती. गाठ दुखत नव्हती, लाल नव्हती, अंगात ताप नव्हता. विक्रोळीच्या कन्नमवार नगरातले आमचे फॅमिली डॉक्टर माझ्या नवऱ्याला लहानपणापासून ओळखतात. त्यांनी मान चाचपली आणि अँटिबायोटिकचा कोर्स दिला. कोर्स संपला तरी गाठ होती तिथेच, उलट तिच्या खाली आणखी एक हाताला लागायला लागली. मग त्यांनी चिठ्ठी लिहिली: ‘लेफ्ट सर्व्हायकल लिम्फॅडेनोपॅथी. ? कॉक्स. यूएसजी नेक, सीबीसी, ईएसआर, एक्स-रे चेस्ट.’

तोंडाने मात्र एवढंच म्हणाले, “सोनोग्राफी करून घे बेटा, मग बघू.”

चिठ्ठी घरी आली आणि ‘सर्व्हायकल’ या शब्दाने नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने तो शब्द गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरच्या लसीबद्दल वाचताना पाहिलेला. दाखवायला गेली मान, आणि हे भलतंच काय? खरं तर सर्व्हायकल म्हणजे मानेचा. गर्भाशयाच्या मुखाशीही निमुळता, मानेसारखा भाग असतो, म्हणून तिथेही तोच शब्द चिकटलाय, इतकंच. ‘लिम्फॅडेनोपॅथी’चा उलगडा सासूबाईंनी केला. “पायाला काटा लागला की जांघेत अवधाण येतं ना, तेच मानेत आलंय म्हणायचं.” पुस्तकात या गाठींना लसिकाग्रंथी म्हणतात. त्या शरीरभर असतात, जंतू अडवण्याचं काम करतात, आणि काम वाढलं की सुजतात. त्या कशामुळे सुजल्या हे त्या लांबलचक शब्दातून अजिबात कळत नाही. रोगाचं नावच नाही ते, नुसती ‘गाठी सुजल्या आहेत’ एवढी नोंद आहे.

उरलं ‘? कॉक्स’. मी अंधेरीला एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे, दिवसभर आद्याक्षरं आणि शेरे वाचण्यात माझा जन्म चाललाय. आधी प्रश्नचिन्ह टाकलंय म्हणजे संशय, एवढं कळलं. पुढचा शब्द काही कळेना, म्हणून डॉक्टरांना फोन केला. थोडं थांबून म्हणाले, “टीबी. पण अजून नक्की काही नाही, घरी एवढ्यात कोणाला बोलू नकोस.”

रॉबर्ट कॉक या जर्मन डॉक्टरने 24 मार्च 1882 रोजी बर्लिनमध्ये क्षयाचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं. जागतिक क्षयरोग दिन त्याच तारखेला असतो. आपल्याकडच्या डॉक्टरांनी त्या नावाचा पडदा केलाय. पेशंटसमोर टीबी म्हणायचं नसलं की ‘कॉक्स’ म्हणतात, औषधाला ‘एकेटी’ म्हणतात, म्हणजे अँटी-कॉक्स ट्रीटमेंट. पडदा कशासाठी हेही कळतं. सासूबाई लालबागच्या चाळीत वाढल्या. त्यांच्या लहानपणी कोणाला ‘शिवडीला नेलं’ म्हणजे क्षयाच्या हॉस्पिटलात नेलं, आणि त्या घरातल्या मुलीचं लग्न अडलं. तरीही मला हा ताकाला तूर न लागू देण्याचा प्रकार पटत नाही. आपल्याला टीबी आहे हेच ज्याला धड सांगितलेलं नाही, तो माणूस जरा बरं वाटलं की गोळ्या सोडतो. कॉक्स नावाचं काहीतरी झालं होतं, गेलं, असं समजून. मी त्याच रात्री जेवताना घरात टीबी हा शब्द उच्चारला. सासूबाईंनी घास हातात धरला, मग खाल्ला.

सोनोग्राफी घाटकोपरला केली. हातात पडलेल्या कागदावर सगळ्यात खाली, ‘इम्प्रेशन’ या मथळ्याखाली होतं: लेफ्ट लेव्हल टू आणि फाइव्हला मल्टिपल, एनलार्ज्ड, मॅटेड नोड्स, लॉस ऑफ फॅटी हायलम, सेंट्रल नेक्रोसिस, ग्रॅन्युलोमॅटस एटिऑलॉजी मोर लाइकली, सजेस्ट क्लिनिकल को-रिलेशन अँड एफएनएसी. बाकावर बसून मी ते पुन्हा पुन्हा वाचलं आणि माझ्या लक्षात आलं की यातलं एक अक्षरही मला उद्देशून नाही. एका डॉक्टरने दुसऱ्या डॉक्टरला लिहिलेला तो मजकूर होता, मी फक्त पोचवणारी. त्यानंतरचे सगळे रिपोर्ट मी असेच वाचले. हा कोण कोणाला काय विचारतोय किंवा सांगतोय, ते आधी बघायचं. भीती वाटायची तर नंतर वाटू दे.

त्या हिशेबाने ही ओळ सोपी निघते. लेव्हल म्हणजे आजाराची पायरी नाही. मी आधी तेच समजले होते, माझ्या बहिणीने तर ‘लेव्हल फाइव्ह’ म्हणजे शेवटची स्टेज धरून फोनवर रडायला सुरुवात केली. मानेचे विभाग पाडून त्यांना आकडे दिलेत, दोन नंबर कानाखाली जबड्याच्या कोपऱ्याजवळ, पाच नंबर मानेच्या बाजूला मागच्या अंगाला. नुसता पत्ता आहे तो. मॅटेड म्हणजे गाठी सुट्या न राहता एकमेकींना चिकटलेल्या. निरोगी गाठीच्या मध्यभागी चरबीचा लहानसा भाग सोनोग्राफीत पांढरा दिसतो, तो दिसेनासा झाला की ‘लॉस ऑफ फॅटी हायलम’. नेक्रोसिस म्हणजे आतला भाग मेलाय. ‘ग्रॅन्युलोमॅटस एटिऑलॉजी मोर लाइकली’ म्हणजे मूळ कारण टीबीसारखं असावं, असा त्या डॉक्टरांचा अंदाज. आणि ‘क्लिनिकल को-रिलेशन’ म्हणजे मी चित्र पाहिलंय, माणूस तुम्ही पाहिलाय, दोन्ही जुळतंय का ते तुम्हीच ठरवा. जवळजवळ प्रत्येक सोनोग्राफीखाली हे वाक्य असतं, त्याचा धसका घेण्याचं कारण नाही.

रक्ताच्या रिपोर्टात ईएसआर बराच वाढलेला होता. शरीरात कुठेतरी जळजळ चालू आहे एवढंच तो सांगतो, कुठे आणि कशाची ते नाही. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. त्यावर ‘एनएडी’ असं लिहिलेलं, म्हणजे विकृती काही आढळली नाही. एका नातेवाईक काकांनी मॅंटू करून घ्यायचा आग्रह धरला. हातावर टोचतात आणि दोन-तीन दिवसांनी फुगवटा मोजतात, ती चाचणी. आमच्या डॉक्टरांनी नको म्हटलं. आपल्याकडे मोठ्या माणसांपैकी बऱ्याच जणांच्या शरीराची त्या जंतूशी कधी ना कधी गाठ पडलेली असते, जंतू आत झोपून राहतो, आजार होत नाही. मॅंटू पॉझिटिव्ह आली म्हणजे ओळख झालेली आहे, एवढंच. गाठ कशाची आहे ते गाठीलाच विचारायला हवं.

ते विचारणं म्हणजे एफएनएसी. बारीक सुई गाठीत घालून पेशी ओढून घ्यायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या. शेवटच्या ‘सी’चा अर्थ सायटॉलॉजी, पेशींची तपासणी. बायॉप्सीत तुकडा काढतात, इथे तुकडा नसतो. मला टेबलावर आडवं करून खांद्याखाली उशी दिली, मान उजवीकडे वळवली. पॅथॉलॉजिस्ट मॅडम म्हणाल्या, “आता बोलायचं नाही आणि आवंढा गिळायचा नाही.” गिळायचं नाही म्हटल्यावर दुसरं काही सुचतच नाही. सुई टोचताना रक्त काढतात तेवढंच दुखलं. नंतर आत सुई मागेपुढे हलवतात, ते मात्र विचित्र वाटतं. दुखणं म्हणता येणार नाही, आपल्या मानेत कोणीतरी काहीतरी शोधतंय असं. मी वळून पाहिलं तेव्हा त्या काचपट्ट्यांवर पिवळट, दाटसर थेंब पसरवत होत्या. काही पट्ट्या स्पिरिटच्या बरणीत बुडवल्या, काही तशाच वाळायला ठेवल्या. उरलेला थेंब एका छोट्या बाटलीत सलाईनमध्ये घातला आणि चिठ्ठी लिहून नवऱ्याच्या हातात दिली: ‘सीबीनॅट आणि कल्चर’.

या बाटलीबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण हे आधी कोणी सांगत नाही. गाठीतून काही काढणार असतील, विशेषतः ऑपरेशन करून आख्खी गाठ, तर थोडा भाग साध्या सलाईनमध्ये टीबीच्या तपासणीला जाणार आहे ना, हे आधीच विचारून घ्यावं. सवयीने सगळं फॉर्मलिनमध्ये टाकतात. फॉर्मलिनमध्ये पेशी नीट टिकतात पण जंतू मरतो, आणि मेलेला जंतू कल्चरमध्ये, म्हणजे प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघतात त्या तपासणीत, वाढत नाही. मग गाठ टीबीची आहे हे कळूनही कोणतं औषध लागू पडेल ते कळायची वाट बंद होते. ऑफिसातल्या एका मैत्रिणीच्या भावाचं असंच झालं. दुसऱ्यांदा सुई टोचून घ्यावी लागली.

सायटॉलॉजीचा रिपोर्ट आला. ‘एपिथेलिऑइड सेल ग्रॅन्युलोमाज विथ केसिएशन नेक्रोसिस. एएफबी निगेटिव्ह. नो एव्हिडन्स ऑफ मॅलिग्नन्सी.’ नवऱ्याने शेवटचं वाक्य वाचलं आणि खुर्चीत बसला. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर, तो दिसत नाही. ग्रॅन्युलोमा म्हणजे जंतूला मारता येत नाही तेव्हा आपल्याच संरक्षक पेशी त्याच्याभोवती कडं करून बसतात, ते कडं. केसिएशन हे त्या कड्याच्या आतल्या मेलेल्या भागाचं वर्णन आहे. तो भाग फडक्यात बांधून ठेवलेल्या चक्क्यासारखा पांढरट, मऊ होतो आणि टीबीत असं बहुतेक वेळा दिसतं. आता घोळ फक्त ‘एएफबी निगेटिव्ह’चा. सासूबाई म्हणाल्या, “निगेटिव्ह आहे ना, मग टीबी नाही.” एएफबी म्हणजे रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसतो का ते पाहणं. तो दिसण्यासाठी नमुन्यात जंतूंची गर्दी लागते, थुंकीच्या एका मिलिलिटरमध्ये हजारोंनी. मानेच्या गाठीत जंतू मुळात थोडे असतात. म्हणून निगेटिव्हचा अर्थ ‘दिसला नाही’. ‘नाही’ असा तो होत नाही.

सीबीनॅट या बाबतीत जास्त तयारीचं यंत्र. ते जंतूच्या जनुकांचा माग काढतं आणि दोनेक तासांत उत्तर देतं. माझं उत्तर होतं: ‘एमटीबी डिटेक्टेड, व्हेरी लो. रिफ रेझिस्टन्स नॉट डिटेक्टेड.’ एमटीबी हा जंतू. ‘व्हेरी लो’ म्हणजे नमुन्यातली जंतूंची संख्या कमी. आजार किरकोळ आहे असा त्याचा अर्थ नाही, उपचार पूर्णच घ्यायचे असतात. आणि शेवटचं वाक्य या सगळ्या कागदांमधलं सगळ्यात चांगलं वाक्य होतं, पण वाचायला इतकं भीतिदायक की आनंद व्हायला वेळ लागला. रिफ म्हणजे रिफाम्पिसिन, टीबीवरचं मुख्य औषध. त्याला जंतू दाद देईनासा झालेला नाही, असं ते वाक्य. मुंबईत हे साधं नाही. रिफाम्पिसिन आणि आयसोनियाझिड या दोन्हींना दाद न देणाऱ्या टीबीला एमडीआर म्हणतात, आणि त्याचे पेशंट या शहरात खूप आहेत. 2012 च्या सुरुवातीला तर इथल्या डॉक्टरांनी, चाचणी केलेल्या कुठल्याच औषधाला दाद न देणारे रुग्ण सापडल्याचं सांगितलं आणि मोठी खळबळ उडाली. केंद्र सरकारने ‘टोटली ड्रग रेझिस्टंट’ हा शब्द मान्य केला नाही, पण शब्द न मानल्याने पेशंट कमी होत नाहीत. कल्चरचा रिपोर्ट यायला सहा आठवड्यांपर्यंत लागू शकतात, म्हणून त्याची वाट न बघता गोळ्या सुरू झाल्या.

मे 2012 पासून टीबीचा प्रत्येक पेशंट सरकारला कळवणं खासगी डॉक्टरांनाही बंधनकारक आहे. माझं नाव ‘निक्षय’ या सरकारच्या टीबी पोर्टलवर गेलं आणि महापालिकेच्या हेल्थ पोस्टमधून फोन आला. तिथल्या हेल्थ व्हिजिटर ताईंनी जेवढं समजावलं तेवढं कोणत्याच मोठ्या दवाखान्यात कोणी समजावलं नव्हतं. एका मोठ्या हॉस्पिटलात, नाव घेत नाही, ‘एचआयव्ही, आरबीएस’ असा कागद पुढे सरकवून डॉक्टर निघून गेले होते आणि नवरा-बायकोने एकमेकांच्या तोंडाकडे पाहत घरापर्यंतचा प्रवास केला होता. ताई म्हणाल्या, “अहो ताई, टीबीच्या प्रत्येक पेशंटची एचआयव्ही आणि शुगर बघतोच आम्ही. दोन्हींत टीबी लवकर उचल खातो.” एवढं एक वाक्य. ते बोलायला त्या हॉस्पिटलात कोणालाच सवड नव्हती.

कार्डावर लिहिलं होतं: 2एचआरझेडई / 4एचआरई. आकडे महिन्यांचे, अक्षरं औषधांची. एच आयसोनियाझिड, आर रिफाम्पिसिन, झेड पायराझिनामाइड, ई इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड वगळून तीन. सगळी औषधं एकाच गोळीत मिसळलेली असतात आणि किती गोळ्या घ्यायच्या ते वजनावर ठरतं. 35 ते 49 किलोला तीन, 50 ते 64 ला चार. मी तीनवाली. सकाळी उपाशीपोटी, एकदम. शिवाय बी-6 ची एक गोळी, आयसोनियाझिडने हातापायाला मुंग्या येऊ नयेत म्हणून. औषध फुकट, आणि खाण्यासाठी बँकेत पैसे येतात. 2018 मध्ये योजना सुरू झाली तेव्हा महिना 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000.

ताईंनी सांगितलेलं आणखी एक, जे मी नंतर कितीतरी जणांना सांगितलं. रिफाम्पिसिनने लघवी केशरी होते, घाबरायचं नाही. पण काविळीतही लघवी गडद होते आणि या गोळ्यांनी लिव्हरला त्रास होऊ शकतो. मग ओळखायचं कसं? आरशात डोळ्यांचा पांढरा भाग बघायचा. तो पांढरा असेल तर रंग औषधाचा. पिवळा दिसला, उलट्या होऊ लागल्या, अन्न नकोसं झालं, तर त्याच दिवशी यायचं. लाल-हिरव्या रंगात गोंधळ व्हायला लागला तरी लगेच यायचं, ते इथॅम्ब्युटॉलचं असू शकतं. आणि गर्भनिरोधक गोळ्या घेत असाल तर रिफाम्पिसिन चालू असताना त्यांचा भरवसा धरायचा नाही. हे शेवटचं त्यांनी सासूबाई पाणी आणायला आत गेल्यावर सांगितलं.

सासूबाईंनी तोवर माझं ताट-वाटी वेगळं काढून ठेवलं होतं. ताईंनी ते मोरीजवळ पाहिलं. “आजी, हिची छाती साफ आहे. गाठीतला टीबी खोकल्यातून बाहेर पडत नाही. आणि छातीचा असता तरी तो हवेतून पसरतो, ताटातून नाही.” सासूबाई म्हणाल्या, “आमच्या वेळी सांगायचे तसं केलं,” आणि ताट मांडणीत गेलं.

दुसऱ्या महिन्यात वजन वाढत होतं, भूक लागत होती आणि गाठ मात्र एकाएकी मोठी, मऊ झाली. औषध लागू पडत नाही, जंतू रेझिस्टंट आहे, असं सगळं मनात येऊन गेलं. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, ‘पॅराडॉक्सिकल रिॲक्शन, कोल्ड ॲबसेस’. जंतू मरायला लागले की त्यांच्या अवशेषांवर शरीराची प्रतिकारशक्ती तुटून पडते आणि गाठ काही काळ उलट सुजते. उपचार फसले असं यातून ठरत नाही. कोल्ड ॲबसेस म्हणजे पू झालाय पण नेहमीच्या गळवासारखी आग, लाली, ठणका नाही. तरीही त्यांनी कल्चरचा रिपोर्ट मागवून पाहिला, आणि मला ते आवडलं. नुसतं ‘असं होतं’ म्हणून घरी पाठवलं नाही. रिपोर्टात चारही औषधं लागू पडत होती. मग सुईने पू काढला. सुई फुगवट्याच्या टोकाला टोचली नाही, बाजूच्या चांगल्या कातडीतून तिरकी घातली. मी विचारलं, असं का? म्हणाले, “नाहीतर सायनस होईल.” नवरा म्हणाला, “सायनस तिला आहेच, दर पावसाळ्यात.” डॉक्टर पहिल्यांदाच मोकळं हसले. नाकाशेजारच्या पोकळ्यांनाही सायनस म्हणतात. पण इथे सायनस म्हणजे आतल्या गाठीपासून कातडीपर्यंत पडलेली वाट, जिच्यातून महिनोन् महिने पाणी झिरपत राहतं. जुन्या लोकांनी मानेवर ओघळाचे व्रण असलेली माणसं पाहिलीत, गंडमाळ म्हणायचे त्याला. त्यातला बहुतेक भाग हाच टीबी होता.

पुढचे महिने सांगण्यासारखं काही घडलं नाही. सकाळी गोळ्या, साडेसातची लोकल, घाटकोपरहून मेट्रो. सांधे थोडे दुखले तेव्हा कळलं की पायराझिनामाइडने युरिक ॲसिड वाढतं. त्या गोळ्या संपल्या तसं तेही थांबलं.

औषधं पूर्ण झाल्यावर कार्डावर शिक्का पडला, ‘ट्रीटमेंट कम्प्लीटेड’. सासूबाईंनी चष्मा लावून कार्ड पाहिलं आणि विचारलं, “बरी झाली असं का नाही लिहिलं?” ‘क्युअर्ड’ लिहायला सुरुवातीला सापडलेला जंतू शेवटच्या तपासणीत गेलेला दाखवावा लागतो. थुंकी पुन्हा तपासता येते, पण बसलेल्या गाठीत पुन्हा सुई कोण घालणार? म्हणून गाठीच्या टीबीत डॉक्टर हात लावून, वजन बघून, त्रास विचारून ठरवतात आणि कागदावर ‘कम्प्लीटेड’ लिहितात. माझ्या मानेत अजून एक लहान, कडक गाठ बोटाला लागते. ती तशीच राहू शकते, वाढली तर दाखवायचं. दोन वर्षं दर सहा महिन्यांनी हेल्थ पोस्टला जाऊन यायचं आहे. तिथे वजन करतात, मान बघतात, ताप-खोकला विचारतात. सोनोग्राफी गरज वाटली तरच.